मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या अशाच असतात. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात आणि रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, त्यामुळे मास्तरांनी त्यांचा दाबला की आपल्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी फजिती त्यातच आहे.

मास्तर म्हणजे माझे यजमान. ओळखीतले सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आमची लेकही लहानपणी मास्तरच म्हणायची, म्हणून इथे मीही तेच म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'. उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला खोड लागली आहे. समोर काहीही वेगात दिसलं की तो पाय खाली दाबला जातो. टीव्हीवर घोडा पळाला तरी दाबतात, शेजारची मुलगी जिना धडाधड उतरली तरी दाबतात. सोफ्यासमोरच्या गालिच्याला नेमकं त्या जागी भोक पडलं होतं. मी ते एकदा रफू केलं, दुसऱ्यांदा केलं, मग हात टेकले.

स्कूलचा फोन मी सांभाळायचे. कोणाला सकाळचा तास हवा, कोणाचा रिव्हर्स कच्चा आहे, कोण चढावर गाडी बंद पाडतो, सगळं मला तोंडपाठ. फक्त गाडी तेवढी चालवता येत नव्हती. लग्नानंतर एकदा विषय काढला होता तर मास्तर म्हणाले होते, "तुला काय गरज? जायचं तिथे मी सोडतो की." तेव्हा मला ते फार गोड वाटलं. नवीन लग्न झालेल्या बाईला काहीही गोड वाटतं.

मग एक दिवस मास्तर गाडी लावताना खांबाला घासून आले. तो खांब आमच्या लग्नाच्याही आधीपासून तिथे उभा आहे. मी पुढच्याच आठवड्यात त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतंय, पण बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. गेलेलं परत येणार नाही, औषधांनी आहे ते टिकलं तर टिकेल. आणि पुढच्या वेळी लायसन्सच्या कागदावर मी सही करणार नाही, हेही त्या स्पष्ट बोलल्या.

म्हणजे हे लायसन्स संपलं की गाडी बंद आणि स्कूलही बंद. त्यात आमचं घर टेकडीच्या टोकावर, बस खालीच थांबते, आणि माझे गुडघे कधीचेच संपावर गेलेले. दोघांपैकी एकाला गाडी आलीच पाहिजे होती, नाहीतर आम्ही दोघं खिडकीत बसून जग बघणार. मास्तर म्हणाले, "आता तूच शिक." आणि पुढचे कित्येक दिवस त्यापलीकडे काही बोललेच नाहीत. जेवायचे, फोनकडे बघायचे, खिडकीशी उभे राहायचे. मला ते बघवेना. शेवटी मी पिशवी हातात दिली आणि म्हटलं, "जरा वाचनालयात जाऊन या, माझं पुस्तक बदलून आणा." घराबाहेर पडले तर बरं, एवढाच माझा हेतू.

पुस्तक त्यांनी बदललं नाहीच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक जुन्या ग्रीक-रोमन स्टोइक विचारांवर व्याख्यानं देत होते, तिथे जाऊन बसले. हे प्राध्यापकही एके काळी मास्तरांकडेच गाडी शिकले होते, त्यामुळे मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं गेलं. परत आले ते तोंडावर तेज घेऊनच.

"अगं, जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात. एक आपल्या हातातल्या आणि दुसऱ्या आपल्या हाताबाहेरच्या. हाताबाहेरच्या सोडून द्यायच्या. संपलं."

"हे सांगायला व्याख्यान लागलं?"

"दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय लोकांनी. त्यांच्यात एक गुलाम होता आणि एक बादशहा होता. दोघंही हेच म्हणाले."

"त्यांच्या बायका काय म्हणाल्या?"

"ते प्राध्यापकांनी नाही सांगितलं."

तेव्हापासून आमच्या घरात शांतीचा नुसता सुळसुळाट झाला. दूध उतू गेलं तर हे शेजारी उभं राहून बघत. "दूध उतू जाणं आपल्या हातात नाही." मी म्हटलं, "गॅसचं बटण कोणाच्या हातात होतं मग?" खडतर आयुष्याची सवय हवी म्हणून जमिनीवर झोपले. सकाळी पाठ अशी धरली की लेकीचा नवरा येऊन त्यांना उभं करून गेला. आणि रोज सकाळी डोळे मिटून अर्धा तास वाईटात वाईट गोष्टींची कल्पना करायची, म्हणजे त्या खरोखर घडल्या तर धक्का बसत नाही, असा एक व्यायामही होता.

"आज कशाची कल्पना केली?" एकदा मी टोस्टला लोणी लावता लावता विचारलं.

"तू गेलीस."

"कुठे?"

"वारलीस."

"बरं. आणि मग?"

"मी शांत राहिलो."

"चहा कोणी केला?"

त्यांनी कप पुढे सरकवला.

ह्या अशा वातावरणात माझं गाडीचं शिक्षण सुरू झालं. आणि सांगायला काय हरकत आहे, मला ते फार छान जमलं. माझी मलाच धन्यता वाटायला लागली. पहिल्या दिवसापासून गाडी माझं ऐकत होती. पुढे सिग्नल दिसला, मी पाय ब्रेकवर ठेवला, की गाडी लोण्यासारखी थांबायची. वळणावर वेग आपोआप कमी व्हायचा. मी लेकीला फोन करून सांगितलं की तुझ्या आईच्या अंगात हे उपजतच होतं, कोणी विचारलं नाही एवढंच. मास्तर शेजारी बसून समोर बघत असायचे, चेहऱ्यावर कसली काळजी नाही. मला वाटलं, व्याख्यानांचा उपयोग झाला म्हणायचा.

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी मास्तर आरटीओ ऑफिसच्या आवारात झाडाखाली उभे राहिले आणि त्यांच्या सीटवर परीक्षक बाई येऊन बसल्या. गाडी आमचीच. मी आरसे नीट केले, पट्टा लावला, इशारा दिला आणि ऐटीत निघाले. आवारासमोरच्याच पहिल्या चौकात थांबायची पांढरी रेघ आली. मी रोजच्यासारखा ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली नाही. मी ठेवलेलाच पाय पुन्हा ठेवला. गाडी रेघ ओलांडून शांतपणे समोरच्या कचऱ्याच्या ट्रककडे निघाली. मग परीक्षक बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक असा काही दाबला की माझा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

"बाई, ब्रेक दाबायचा असतो."

"दाबला की!"

"तुम्ही त्याला नुसतं विचारलंत. दाबला नाहीत." त्यांनी कागदावर काट मारली. "शिकवलं कोणी तुम्हाला?"

मी झाडाखाली उभ्या असलेल्या मास्तरांकडे बोट दाखवलं. बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "त्यांचं कोणी कधी ब्रेकवर नापास झालेलं नाही." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर पर्स टेबलावर आपटली.

"खरं सांगा. मी आजवर एकदा तरी स्वतः ब्रेक मारलाय का?"

मास्तर गालिच्याकडे बघत राहिले. "एकदा. बेकरीसमोर."

"आणि तेव्हा तुम्ही?"

"मीही मारला होता."

म्हणजे एवढे दिवस वरून चेहरा बादशहाचा आणि खालून पाय चालू! गाडी मी चालवतच नव्हते, मी फक्त स्टिअरिंग धरून बसत होते. माझ्या उपजत गुणांचं काय झालं ते लेकीला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? माझा पारा असा चढला की मी त्यांना नाही नाही ते बोलले. स्टोइक लोकांनाही बोलले, गुलामालाही सोडलं नाही.

"सगळ्यांना असंच शिकवलंत का हो?"

"नाही. त्यांच्या वेळी मी पाय वर उचलून ठेवतो. अगदीच गरज पडली तर दाबतो."

"मग माझ्याच वेळी पायाला काय धाड भरली?"

"ते आपटले तर गाडी दुरुस्त होते." मास्तरांनी पाय गालिच्यावरून मागे घेतला. मग म्हणाले, "ते सकाळी कल्पना करायचं असतं ना, त्यात तुझा अपघात आला की मला पुढे जाताच येत नाही. मग मी आपला फ्रीज बिघडल्याची कल्पना करून उठतो."

"परवा तर मला मारून शांत बसला होतात!"

"खोटं बोललो. तू चहाचं विचारलंस तेव्हा मी अजून हॉस्पिटलच्या दारातच उभा होतो."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मला भूक लागते. मी दोघांसाठी अंडी उकडायला ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी पाय आवरायचा चंग बांधला. आधी सीटवर मांडी घालून बसले. ह्या वयात आणि एवढ्याशा जागेत मांडी म्हणजे काय, एक गुडघा गिअरवर आणि दुसरा दारात. गोल चौकात मी वळले तर अख्खे मास्तर माझ्या मांडीवर. मग मागे जाऊन बसले. तिथून माझ्या सीटच्या पाठीला पाय लावून इतका जोर करायचे की मी स्टिअरिंगवर दाबली जायचे. शेवटी त्यांनी प्राध्यापकांनाच बोलावलं. म्हणाले, "तुम्ही पुढे बसा. तुमच्या पायाला खोडही नाही आणि तुमचं मन तयार आहे. मी मागे बसून तुमच्याकडून शिकतो."

प्राध्यापक मोठ्या प्रसन्न चेहऱ्याने पुढे बसले. पट्टा लावताना मला म्हणाले, "वहिनी, निश्चिंत चालवा. जे व्हायचं ते होणार."

पहिल्याच गल्लीत एक कबुतर आडवं आलं. प्राध्यापकांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. कबुतर चालत पलीकडे गेलं. पुढे एक मुलगी सायकलला टेकून उभी होती. नुसती उभी होती. तिच्यासाठीही ब्रेक. आमचा वेग असा की एक काठी टेकत चाललेले आजोबा आम्हाला मागे टाकून गेले आणि जाताना त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"प्राध्यापक," मी म्हटलं, "मरण आपल्या हातात नाही ना?"

"नाही वहिनी. पण वेग आहे."

टेकडीच्या पायथ्याशी ते उतरले आणि पुढचं पायी जातो म्हणाले. रुमालानं कपाळ पुसलं. माणूस मोठा प्रामाणिक, त्यांनी सारवासारव केली नाही. खिडकीतून मास्तरांना म्हणाले, "माफ करा, माझं ज्ञान उभं राहून बोलण्याइतपतच आहे. पण एक सांगतो. पायाशी तो ब्रेक आहे तोवर मी दाबणार, तुम्हीही दाबणार. मनाला किती समजावणार?"

मास्तर दुसऱ्या दिवशी मला न सांगता खालच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेले. दुपारी आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. टेबलावर ठेवून त्यांनी ते उलगडलं. त्यांच्या बाजूचा ब्रेक आणि त्याच्या जोडीचा क्लच. रबर मधोमध गुळगुळीत झिजलेलं. कितीतरी लोकांचे जीव ह्या दोन लोखंडी पट्ट्यांनी राखले होते.

"अहो, म्हणजे शिकाऊ लोक?"

"आता ह्या गाडीत शिकवता येणार नाही."

"आणि स्कूल?"

"ते तसंही जाणारच होतं. डोळे काही माझ्या हातात नाहीत." मास्तरांनी पेडलवर अंगठा फिरवला. "हे होतं. चार बोल्ट होते."

नेमका तेव्हाच फोन वाजला. कोणीतरी बाई मुलासाठी तास विचारत होती. मी नेहमीप्रमाणे वही उघडली आणि पुन्हा मिटली. मास्तर समोर बसून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "स्कूल बंद झालं हो. मास्तर निवृत्त झाले." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले. इतकी वर्षं त्या फोनला मी वैतागले होते, आणि आता मला तो वाजावासा वाटत होता.

त्यानंतर मात्र आमचं शिक्षण खरं सुरू झालं. मास्तर शेजारी बसून रिकाम्या जागेत पाय दाबायचे. गाडी थांबायची नाही. मग ते दचकून माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे बघायचे आणि दोघांच्याही एकदम लक्षात यायचं की थांबवायचं मलाच आहे. मग मी ब्रेक असा हाणायचे की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे येऊन पडायची. आठवडाभर आम्ही टोमॅटो चेपलेलेच खाल्ले. पण हळूहळू पायाला समजायला लागलं की किती दाबलं की किती थांबतं. चढावर गाडी मागे घरंगळायची ती थांबली. मास्तर ओरडायचे तेही कमी झाले, फक्त मोठ्या चौकात श्वास धरून ठेवायचे. मी सांगायचे, "सोडा आता, झाला पार." मग ते सोडायचे.

परत परीक्षेला गेलो तर त्याच परीक्षक बाई. बसल्या, पट्टा लावला आणि सवयीने पाय पुढे केला. पाय नुसताच फिरला.

"इथला ब्रेक कुठे गेला?"

"काढला."

"काढला?" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वहीपेन मांडीवर घट्ट धरलं. "आधी सांगायचं नाही का?"

"घरच्या गाडीवर परीक्षा देता येते, नियम आहे," मी म्हटलं आणि इशारा देऊन निघाले. त्याच चौकात तीच पांढरी रेघ आली. मी दाबला. रेघेच्या अलीकडे गाडी थांबली, चष्मा जागच्या जागी. उतरताना बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "ह्या वेळी विचारलं नाहीत."

मास्तर झाडाखालून लगबगीने आले. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. माझा हात हातात घेऊन नुसता हलवत राहिले, परीक्षक बाई बघत असतानाही. मग गाडीत बसले, पट्टा लावला, बूट काढून बाजूला ठेवले. मी घराकडे निघाले.

आणि मला वाटलं होतं तसंच सगळं छान चाललं होतं. बाजारपेठेतून आले, कोणाला धक्का नाही. शाळेच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला अचानक डावीकडून आडवा घुसला, अगदी मास्तरांच्या न दिसणाऱ्या बाजूने. मी ब्रेक मारला. घट्ट आणि वेळेवर, टोमॅटोदेखील हलला नसता असा. सायकलवाला हात करून गेला. माझी छाती अभिमानाने भरून आली.

"पाहिलंत का?" मी म्हटलं. "अहो, पाहिलंत का?"

मी वळून पाहिलं तर मास्तर झोपले होते.

मला आधी वाटलं, हे नवीन काहीतरी व्याख्यानातलं असणार. पण तोंड उघडं होतं, मान खिडकीकडे कललेली होती आणि बारीक घोरणं चालू होतं. इतकं वाईट तोंड करून कोणी सोंग आणत नाही. हा माणूस कधी बसमध्ये झोपला नाही, रेल्वेत झोपला नाही, लेकीच्या नवऱ्याच्या महागड्या गाडीत गाद्यागिरद्यांवर बसून डोळे सताड उघडे ठेवून आला. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून तर घरच्या अंथरुणातही रात्रभर कुशी बदलत पडायचा. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ब्रेक मी मारला, तेव्हा हे घोरत होते. मला इतका राग आला, आणि मग मला रडूच आलं. पण चालू गाडीत रडायचं नसतं, पुढचं दिसत नाही. म्हणून मी ते घरी गेल्यावर रडायचं ठरवलं.

आमचं वळण आलं. मी इशारा दिला, गाडी हळू केली, आणि मनात आलं की थांबले की हे उठतील. मागे कोणी नाही ना बघितलं, इशारा बंद केला आणि सरळ गेले. ह्या रस्त्याने पुढे काय आहे ते मला नीट माहीत नव्हतं. टेकडीच्या पलीकडे मी नेहमी शेजारी बसूनच गेले होते.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी एक डोळा उघडला. बाहेरची झाडं बघितली.

"घर मागे राहिलं वाटतं."

"राहिलं."

"बरं," ते म्हणाले आणि डोळा मिटला. मी त्यांच्या बाजूची काच जरा वर केली आणि जात राहिले.